अमेरिकन कॉलेजचा एसे: खर्डा कुणाला दाखवायचा आणि मग कसा सुधारायचा

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलेल्या मुलामुलींचं सगळं लक्ष एसएटी, टोफेल आणि मार्कांच्या हिशेबात असतं. निबंध, म्हणजे मुलं ज्याला एसे म्हणतात तो, मागे पडतो. मग सहामाही संपल्यावर तो एका शनिवार-रविवारी लिहिला जातो आणि ओळखीच्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. कुणी म्हणतं सुरुवातीला सुविचार टाक, कुणी म्हणतं विषयच बदल, कुणी तर सगळी वाक्यं स्वतःच नव्याने लिहून परत पाठवतं. मूल बिचारं सगळ्यांचं ऐकतं. शेवटी हातात जे उरतं त्यात त्या मुलाचं काहीच नसतं.

अनेक वर्षं अशा मुलांचे खर्डे वाचते आहे, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. वाचणाऱ्याकडून दुरुस्ती मागू नका, वाचन मागा. वाचताना त्याला काय दिसलं, कुठे तो अडखळला, कुठे त्याचं लक्ष उडालं, एवढं त्याने सांगायचं. दुरुस्ती तुम्ही करायची. हा लेख मुख्यतः ‘कॉमन ॲप’च्या निबंधाबद्दल आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांबद्दल आणि ब्रिटनबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे, कारण बरीच मुलं तिघांनाही अर्ज करतात आणि एकाच निबंधाने तिन्ही ठिकाणं भागवायला बघतात.

पहिली पायरी: काय लिहायचं आहे ते नीट समजून घ्या

कॉमन ॲप हा एक सामाईक अर्ज आहे. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी एकत्र येऊन तो सुरू केला, आज एक हजाराहून जास्त कॉलेजं तो घेतात. त्यातला मुख्य निबंध किमान २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. सात विषय दिलेले असतात, त्यातला सातवा म्हणजे ‘तुमच्या आवडीचा कुठलाही विषय’. म्हणून कुठला विषय निवडावा या चिंतेत आठवडे घालवू नका. आधी गोष्ट शोधा, ती कुठल्या ना कुठल्या विषयात बसतेच.

या निबंधाखेरीज अर्जात १० उपक्रम लिहायची जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. ५ सन्मान लिहायची जागा वेगळी. हे आधी माहीत असलं की घरातले अर्धे वाद मिटतात. तबल्याची विशारद, होमी भाभा परीक्षेतलं पदक, तालुका पातळीवरची खो-खो ही सगळी मंडळी तिकडे जातात. निबंधात ती पुन्हा मोजून दाखवायची नसतात. मार्क तर गुणपत्रिकेत असतातच. निबंधात तुम्ही विचार कसा करता, कशाकडे लक्ष देता, एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही तर काय करता, हे दिसायला हवं. ते अर्जात दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

आपल्या बोर्डाच्या निबंधाशी याचा जवळजवळ काही संबंध नाही. प्रस्तावना, मुद्दे, समारोप, मधे एखादं अवतरण, शेवटी समाजाला संदेश, ही सवय दहावीपर्यंत हाडीमाशी भिनलेली असते. ती मोडायला वेळ लागतो. पहिला खर्डा तसाच उतरला तर घाबरू नका, बहुतेकांचा तसाच उतरतो.

दुसरी पायरी: वेळेचं गणित मे महिन्यातच मांडा

कॉमन ॲपचा अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक कॉलेजांत १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे एक मुदत दिवाळीच्या आसपास आणि दुसरी प्रिलिम, जेईई आणि बोर्डाच्या तोंडावर.

म्हणून मुख्य निबंधाचा पहिला खर्डा अकरावीनंतरच्या सुट्टीत व्हायला हवा. जून-जुलैत लोकांना दाखवायचा, गणपतीपर्यंत पक्का करायचा. ऑगस्टनंतर प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे छोटे प्रश्न सुरू होतात, आणि आठ-दहा कॉलेजांना अर्ज करणाऱ्या मुलाचे ते छोटे निबंध मुख्य निबंधापेक्षा जास्त वेळ खातात. फीडबॅकला लागणारा वेळ मुलं धरतच नाहीत. वाचणाऱ्याला किमान एक आठवडा द्या. वाचून झाल्यावर तुम्हाला विचार करायला आणखी काही दिवस. मग नवा खर्डा. एका फेरीला सहज दोन-तीन आठवडे जातात, आणि चांगल्या निबंधाला अशा दोन-तीन फेऱ्या लागतात.

तिसरी पायरी: दुसऱ्याला देण्याआधी स्वतः वाचा

खर्डा लिहून झाला की तीन-चार दिवस उघडूही नका. मग त्याची प्रिंट काढा आणि दार लावून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे रेघ मारा. जिथे तुमचं तुम्हालाच कंटाळवाणं वाटतं तिथेही मारा. नंतर कागद उलटा ठेवा आणि एका वाक्यात लिहा: हा निबंध वाचून माझ्याबद्दल काय कळतं? ‘मी मेहनती आहे’ असं उत्तर आलं तर अजून कुणाला दाखवायची वेळ झालेली नाही. मेहनती तर सगळेच असतात. ‘मी कुणावर संशय घेण्याआधी मोजून बघतो’ असं काही आलं, तर दाखवा.

चौथी पायरी: वाचक निवडा, तीनच

तीन माणसं पुरतात, पण ती तीन वेगळ्या प्रकारची हवीत.

एक, तुम्हाला आतून-बाहेरून ओळखणारं. आई, मोठा भाऊ, मावशी, बालवाडीपासूनचा मित्र. ‘हा तूच आहेस का?’ हे सांगणं त्यांचं काम. निबंधात खोटा सूर लागला तर तो यांना पहिल्या वाचनात कळतो. तुम्ही विसरलेली गोष्टही त्यांनाच आठवते.

दोन, तुम्हाला अजिबात न ओळखणारं. मैत्रिणीची ताई, बाबांच्या ऑफिसमधलं कुणी, परदेशात शिकत असलेला सिनियर. अर्ज वाचणारा अधिकारीही तुम्हाला ओळखत नसतो आणि एका अर्जाला त्याच्याकडे फार वेळ नसतो. त्याच्या सगळ्यात जवळचा अनुभव हाच वाचक देऊ शकतो.

तीन, इंग्रजी चांगलं असणारं. बहुधा ज्युनियर कॉलेजचे सर किंवा मॅडम. यांच्याकडे मात्र शेवटी जा. व्याकरणाची लाल शाई पहिल्या खर्ड्यावर पडली, तर जी वाक्यं पुढे उडवायचीच होती त्यांची स्पेलिंग सुधारण्यात सगळ्यांचाच वेळ जातो. आणखी एक अडचण येते. आपले शिक्षक मनापासून मदत करतात, पण त्यांच्या हाताला बोर्डाच्या निबंधाचं वळण असतं. साध्या बोलक्या वाक्याचं ते भारदस्त वाक्य करतात. त्यांना आधीच सांगा की बोलका सूर मुद्दाम ठेवला आहे. एकदा सांगितलं की बहुतेक सर-मॅडमना ते आवडतं.

फॅमिली ग्रुपवर निबंध टाकू नका. कौतुकाचे अंगठे येतील आणि अंगठ्यांवरून खर्डा सुधारता येत नाही.

पैसे घेणाऱ्या काउन्सेलरबद्दलही लिहायला हवं. चांगले काउन्सेलर प्रश्न विचारतात आणि पेन तुमच्या हातात ठेवतात. काही जण मात्र तुमच्याकडून माहिती घेऊन निबंध ‘तयार करून’ देतात. तिथून उठून या. अर्ज पाठवताना हे सगळं माझं स्वतःचं काम आहे, असं तुम्ही सही करून सांगत असता. ते खोटं ठरलं तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. काउन्सेलर परवडत नसेल तर निबंध मागे पडेल ही भीती मनातून काढा. कॉलेजं, परीक्षा, फी, मदत याबद्दलची अधिकृत माहिती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ‘एज्युकेशन यूएसए’ या जाळ्यातून मिळते. मुंबईतही त्यांचं केंद्र आहे. आणि निबंधाला लागणारे तीन वाचक तुमच्या तालुक्याच्या गावातही मिळतात.

पाचवी पायरी: ‘कसा वाटला?’ असं विचारू नका

या प्रश्नाला ‘छान आहे’ हे एकच उत्तर येतं. माणसं वाईट नसतात, त्यांना काय सांगायचं हे कळत नसतं. तुम्ही प्रश्न नेमका विचारला की उत्तरही नेमकं येतं. मी मुलांना साधारण असा निरोप पाठवायला सांगते:

‘नमस्कार मॅडम. अमेरिकन कॉलेजांसाठी ६५० शब्दांचा निबंध लिहिला आहे, हा दुसरा खर्डा आहे. तुम्हाला वीसेक मिनिटं मिळाली तर वाचाल का? इंग्रजीतल्या चुका सध्या राहू देत, त्यासाठी शेवटच्या खर्ड्याला पुन्हा त्रास देईन. आत्ता चारच गोष्टी हव्या आहेत. कुठल्या ओळीवर लक्ष उडालं? कुठे अजून ऐकावंसं वाटलं? काय समजलं नाही? आणि वाचून झाल्यावर हा मुलगा कसा आहे असं वाटलं? पुढच्या रविवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल.’

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. तुम्ही तिसऱ्या पायरीत लिहिलेल्या वाक्याशी ते ताडून बघा. तुम्हाला वाटत होतं निबंधातून चौकसपणा दिसतो, आणि वाचणाऱ्याला दिसला तक्रारखोरपणा, तर मोठं काम बाकी आहे.

फाइल गूगल डॉक्समध्ये ठेवा आणि वाचणाऱ्याला फक्त कॉमेंट करायची परवानगी द्या, एडिटची नको. त्याने तुमच्या मूळ मजकुरात हात घातला नाही, तरच त्याला काय खटकलं ते तुम्हाला दिसतं. प्रत्येक वाचकाला वेगळी कॉपी द्या, नाहीतर दुसरा वाचक पहिल्याच्या कॉमेंटला मान डोलावतो. नव्या खर्ड्याची नवी फाइल करा, नावात तारीख टाका, जुनी कधीही पुसू नका. दुसऱ्या खर्ड्यातून उडवलेला परिच्छेद चौथ्यात परत लागतो, हे इतक्या वेळा घडतं की शंका नको.

जमलं तर वाचणाऱ्याशी फोनवर बोला. लिहून दिलेल्या चार ओळींपेक्षा दहा मिनिटांच्या बोलण्यात जास्त हाती लागतं. फक्त त्या वेळी आपली बाजू मांडू नका. ‘नाही, पण मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडावर आलं की थांबा आणि ते वहीत लिहा. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते निबंधात नाही, हेच तर त्यातून कळलं.

सहावी पायरी: आलेला फीडबॅक चाळा

सगळं एका जागी उतरवून काढा आणि तीन ढीग करा. वाचणारा अडखळला ती ठिकाणं एका ढिगात. त्याने सुचवलेले उपाय दुसऱ्यात. त्याच्या आवडीनिवडी तिसऱ्यात. पहिला ढीग जवळपास नेहमी खरा असतो. माणूस अडखळला म्हणजे अडखळला, त्याच्याशी वाद कसला? दुसऱ्या ढिगातला उपाय मात्र बऱ्याचदा चुकीचा निघतो, कारण गोष्ट तुमची आहे आणि तिच्यात आणखी काय काय आहे ते त्याला माहीत नाही. तिसरा ढीग आभार मानून बाजूला ठेवायचा. दोन वेगळ्या माणसांनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलं, तर तिथे काम करायचंच. मात्र बिघाड कधी कधी त्याच्या आधीच्या परिच्छेदात असतो, तेही तपासा.

हे कसं चालतं ते एका उदाहरणातून बघू. धरून चालू की पुण्याच्या टोकाला, टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत राहणारा एक मुलगा आहे. निबंध अर्थातच इंग्रजीत आहे, इथे तुकडे मराठीत देते. त्याच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी:

‘पाणी हे जीवन आहे. आमच्या सोसायटीला दर उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई भासते. दहावीच्या सुट्टीत मी पुढाकार घेऊन टँकरचं नियोजन हाती घेतलं. या अनुभवातून मला नेतृत्व, चिकाटी आणि टीमवर्कचं महत्त्व समजलं.’

सरांनी लिहिलं, पहिलं वाक्य फार वापरलेलं आहे, एखाद्या थोर व्यक्तीचं वचन घे. काकांनी लिहिलं, दहावीचे मार्क कुठे आहेत? मैत्रिणीच्या ताईने विचारलं, ‘टँकरमध्ये पाणी कमी येतं असं तू खाली लिहिलंयस, ते तुला कळलं कसं?’

सरांना सुरुवात खटकली हे खरं, वचन टाकणं हा उपाय चुकीचा. काकांचा मुद्दा गुणपत्रिकेत जातो. ताईचा प्रश्न मात्र सोन्यासारखा आहे, कारण त्याचं उत्तर म्हणजेच खरा निबंध. मुलाने ते उत्तर आधी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केलं आणि मग लिहिलं:

‘टँकरच्या पावतीवर १०,००० लिटर लिहिलेलं असायचं. आमची टाकी चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे पाणी बरोबर एक मीटर चढायला हवं. मी वॉचमनकाकांचा बांबू घेतला आणि त्यावर खिळ्याने खुणा केल्या. पहिल्या दिवशी पाणी ऐंशी सेंटीमीटर चढलं. दुसऱ्या दिवशीही ऐंशी. २,००० लिटर जात कुठे होते?’

आता या मुलाला ‘मी चौकस आहे’ असं सांगावं लागत नाही. काठी, खुणा आणि गुणाकार यांनीच ते सांगितलं. दुसऱ्या खर्ड्यात त्याने ड्रायव्हरला कसं पकडलं याचं वर्णन होतं, आणि शेवट सोसायटीच्या मीटिंगमधल्या टाळ्यांवर. तो आईने वाचला. आई म्हणाली, ‘तू त्या ड्रायव्हरवर चिडून आला होतास, आणि दोन दिवसांनी वेगळंच काही सांगत होतास. ते कुठे आहे यात?’ ते असं होतं की टँकर भरण्याच्या ठिकाणीच कमी भरला जात होता. ड्रायव्हरला फेरीमागे ठरलेले पैसे मिळायचे, आत किती पाणी आहे हे त्यालाही कळत नव्हतं. पुढे तोच रोज काठीवरचा आकडा लिहून मागायला लागला, मालकाला दाखवायला.

तिसऱ्या खर्ड्यातून टाळ्या गेल्या आणि हे आलं. निबंध ‘मी चोर पकडला’ इथून ‘माझा आकडा बरोबर होता, पण मी त्यावरून चुकीच्या माणसावर बोट ठेवलं’ इथे पोचला. घरात बसलेल्या वाचकाखेरीज हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

सातवी पायरी: मोठं आधी, बारीक नंतर

सुधारताना क्रम पाळा. आधी बघा की गोष्ट तुमची आहे का. आजोबांवरचे निबंध फार सुंदर असतात आणि वाचून झाल्यावर प्रवेश आजोबांना द्यावासा वाटतो. आजोबा असू देत, पण निम्म्याहून जास्त वाक्यांत तुम्ही काहीतरी करत, बघत किंवा ठरवत असायला हवं. हायलाइटर घेऊन तपासा, लगेच दिसेल.

मग परिच्छेदांचा क्रम. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात चार शब्दांत लिहा की इथे नवं काय घडलं. दोन परिच्छेदांसमोर तेच लिहावं लागलं तर एक जातो.

मग कापाकापी. खर्डा आठशे शब्दांचा असेल तर दीडशे शब्द कुठून काढायचे? पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. अनेकदा निबंध खरा तिथेच सुरू होतो. शेवटच्या परिच्छेदातलं तात्पर्य काढून बघा. ‘त्या दिवशी मला समजलं की’ याने सुरू होणारं वाक्य बहुतेक वेळा आधीच्या परिच्छेदाने सांगून झालेलं असतं. विशेषणांच्या जोड्यांतलं एक काढा. ६५० च्या वर एकही शब्द अर्ज स्वीकारत नाही, त्यामुळे हे टाळता येण्यासारखं नाही. पण ६५० भरलेच पाहिजेत असंही नाही. ५६० शब्दांत गोष्ट पूर्ण होत असेल तर तिथे थांबा.

यानंतर भाषा. आपलं इंग्रजी आपल्याला सरळ वाटतं आणि अमेरिकन वाचकाला काही ठिकाणी चकवतं. ‘सोसायटी’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर इमारती येत नाहीत, समाज येतो. शाळेतून ‘पास आउट’ झालो म्हटलं तर तो समजेल की तुम्ही बेशुद्ध पडलात. लाख, बोर्ड, डिव्हिजन हे शब्द त्याला जाता जाता अर्ध्या वाक्यात उलगडून द्या. आजी, भाकरी, ओटा, वारी हे शब्द मात्र खुशाल ठेवा. आजूबाजूच्या वाक्यातून ते कळतात, आणि त्यांची जागा घेईल असं इंग्रजी शोधत बसलात तर वाक्यातला जीव जातो. स्पेलिंग ब्रिटिश असो की अमेरिकन, दोन्ही चालतं, पण एकच धरा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणि एआयबद्दल

मराठी माध्यमातली मुलं मला विचारतात, मराठीत लिहून भाषांतर केलं तर? हे मी पोटतिडकीने सांगते: विचार मराठीत करा, मराठीत बोला, रेकॉर्ड करा, मुद्दे काढा, पण वाक्यं इंग्रजीत स्वतः लिहा. साधी लिहा. साध्या, बरोबर इंग्रजीने कुणाचा प्रवेश अडत नाही. पेटीतून काढलेल्या जड शब्दांनी मात्र वाचणाऱ्याला शंका येते की हे लिहिलं कुणी.

चॅटबॉटबद्दल नियम आता लेखी आहेत. एआयने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणं हे कॉमन ॲपच्या धोरणात फसवणुकीत मोडतं. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाने तर अर्जदारांसाठी लिहूनच ठेवलं आहे की स्पेलिंग-व्याकरण तपासायला अशी साधनं चालतील, पण निबंधाचा आराखडा किंवा खर्डा करून घेणं चालणार नाही, आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या निबंधाचं भाषांतर करून घेणंही नाही. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे आहेत, ते त्यांच्या वेबसाइटवर वाचा. नियम बाजूला ठेवले तरी अडचण उरतेच. बांबूवरच्या खिळ्याच्या खुणा चॅटबॉटला माहीत नाहीत. तो तुम्हाला परत ‘पाणी हे जीवन आहे’वर आणून सोडेल.

आईबाबांनी हे वाचावं

मुलाचा निबंध वाचताना तुम्हाला राहवणार नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं क्लासला नेलं-आणलं, त्यातलं निबंधात काहीच दिसत नाही म्हणून जीव तुटतो. तरी वाक्य बदलू नका. प्रश्न विचारा, आठवणी सांगा. ‘तेव्हा तू असं का केलंस?’ या एका प्रश्नातून जे बाहेर येतं ते तुम्ही सुचवलेल्या दहा वाक्यांतून येत नाही. मुलाने घरातल्या एखाद्या अडचणीबद्दल लिहायचं ठरवलं, आजारपण, कर्ज, आईबाबांचं वेगळं होणं, तर ‘लोक काय म्हणतील’ हे म्हणण्याआधी त्याच्याशी शांतपणे बोला. आणि मुलांनो, दुसऱ्या कुणाचं दुखणं लिहिणार असाल तर आधी त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर विषय बदला.

आठवी पायरी: छोटे निबंध आणि दुसरे अर्ज

‘आमचंच कॉलेज का?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी साधी कसोटी आहे. कॉलेजचं नाव काढून तिथे दुसरं घाला. परिच्छेद तसाच चालला तर तो अजून लिहिलाच गेलेला नाही. कॅम्पस सुंदर आहे, प्राध्यापक नामवंत आहेत, हे सगळीकडे चालतं. एखादा विशिष्ट कोर्स, एखादी प्रयोगशाळा, आणि तिथे तुम्ही नेमकं काय करणार, हे मात्र दुसऱ्या कॉलेजला चालत नाही, म्हणून तेच लिहा. हे छोटे निबंध वाचायला देताना नव्या माणसाला द्या. मुख्य निबंध वाचलेल्यांना तुमच्याबद्दल बरंच माहीत झालेलं असतं, ते मधल्या गाळलेल्या जागा आपोआप भरतात. आणि प्रत्येक उत्तरात कॉलेजचं नाव तपासा. एका कॉलेजसाठीचा परिच्छेद दुसऱ्याला जाणं ही चूक हुशार मुलांकडूनही होते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा. आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. तिथे गोष्ट रंगवण्यापेक्षा सरळ उत्तर चांगलं: काय केलं, का केलं, त्यातून काय झालं. चारही उत्तरं एकाच वाचकाला एकत्र द्या आणि विचारा, तेच तेच कुठे येतंय? ब्रिटनच्या ‘यूकॅस’ अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत, तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिथे विषयाची आवड आणि त्यासाठी केलेला अभ्यास हवा असतो. टँकरची गोष्ट सिव्हिल इंजिनिअरिंगच्या अर्जात एका वाक्यापुरती येईल, तेवढीच. तो अर्ज वाचायला त्या विषयाचे शिक्षकच गाठा.

नववी पायरी: कधी थांबायचं

नवा वाचक जे सांगतो ते चवीचं असतं, अडखळण्याचं नसतं, तेव्हा थांबायची वेळ झाली. एक शब्द काल बदलला आणि आज परत तोच केला, असं व्हायला लागलं की नक्कीच झाली. या टप्प्यावर नवं मत मागायचं नाही. मुदतीच्या आदल्या आठवड्यात कुणी ‘विषयच बदल’ म्हणालं तर हसून नमस्कार करायचा.

शेवटचं वाचन मोठ्याने, शक्यतो दुसऱ्याने वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं. मग मजकूर अर्जात पेस्ट करा आणि प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडून बघा. परिच्छेद एकमेकांना चिकटले आहेत का, अवतरणचिन्हं चमत्कारिक झाली आहेत का, शेवटची ओळ पूर्ण आली आहे का. कॉमन ॲपची मुदत तुमच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून वेळ मिळेल, असं धरून बसू नका. दोन-तीन दिवस हातात ठेवून पाठवा, म्हणजे वीज गेली किंवा कार्डाचा व्यवहार अडकला तरी जीव खालीवर होणार नाही.

एका कॉलेजला अर्ज पाठवल्यावर निबंधात चूक दिसली, तर पाठवलेला अर्ज बदलत नाही. पण ज्या कॉलेजांना अजून पाठवायचा आहे त्यांच्यासाठी तोच निबंध कॉमन ॲपमध्ये सुधारता येतो. लवकरच्या फेरीनंतर आणि जानेवारीच्या आधी तो एकदा निवांत वाचा. आणि ज्या तिघांनी खर्डे वाचले त्यांना अंतिम प्रत पाठवा, काय बदललं ते दोन ओळींत कळवा. स्कॉलरशिपच्या अर्जासाठी फेब्रुवारीत पुन्हा निबंध लिहावा लागेल, तेव्हा याच माणसांना फोन करायचा आहे.